लंडनची गाडी

१४ एप्रिल
गोठा रिकामा करायला काढला. पेंढ्यामागे आजोबांची सायकल. हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर. टायर कुजून रिमला चिकटलेले. भंगारवाला किलोवर मागतोय. काका आतून ओरडले, "हात लावू नको रे, लंडनची रॅले आहे ती!"

१५ एप्रिल
पडवीत आणली. चाकं फिरत नाहीत, उचलूनच आणावी लागली. हँडलखालच्या नळीवर बिल्ला नाही. रिव्हेटची दोन भोकं तेवढी.

१८ एप्रिल
रॉकेलच्या चिंधीने पुढचं दातेरी चक्र पुसत बसलो. रॅले असेल तर चक्रात बगळ्याची डोकी हवीत. बीएसएची खूण तीन बंदुका. इथे काळ्या चिकट्याखालून आधी एक पाय निघाला, मग हात. धावणारी माणसं. सगळ्या चक्रभर.
म्हणजे हंबर.
मग पुढच्या चाकाचा चिमटा पाहिला. दोन्ही बाजूंना एकेक नळी नाही, दोन-दोन बारीक नळ्या, खाली जाऊन एकत्र. मधली फट रंगाने आणि चिखलाने बुजली होती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. खिळ्याने कोरून काढली. आरपार उजेड दिसला.
काका म्हणाले, "हंबर म्हणजे मोटार." टॉमस हंबर आधी सायकलवाला, मोटारी नंतर. आणि १९३२ साली हंबरच्या सायकली रॅलेनेच विकत घेतल्या. एवढं ऐकल्यावर काका खूश. "मग रॅलेच झाली की!"

१९ एप्रिल
पण लंडन नाहीच. रॅले नॉटिंगहॅमची.
काकांना सांगितलं. "तेच ते."

२२ एप्रिल
झोप नीट नाही. नॉटिंगहॅम की आसनसोल? सुधीरकुमार सेन यांनी रॅलेशी करार करून पन्नासच्या दशकात आसनसोलला कारखाना उभा केला. तिथे रॅले निघायची, तशी हंबरही. नमुना तोच, चिमटा तोच. सीटखालच्या जोडावर नंबर ठोकलाय, पण मधले दोन आकडे गंजाने खाल्लेत. नुसत्या नंबरावरून काही ठरणार नाही.

२६ एप्रिल
क्रँकच्या कॉटर पिना निघेनात. रोज सकाळ-संध्याकाळ डिझेल सोडतोय. उजवी हलली. डावी ढिम्म.

२७ एप्रिल
डावी निघाली. क्रँकखाली जाड लोखंडी नळी उभी टेकवली, म्हणजे मार एक्सलवरच्या छर्‍यांना बसत नाही. वर नट अर्धा चढवलेला, आटे चेपू नयेत म्हणून. एकच घाव, पण मनापासून. आई घाबरून बाहेर आली.

२ मे
सकाळच्या गाडीने पेण. सायकलचे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. चिमट्याचा फोटो बघून चष्मा पुसला. "डबल नळीची! गुरुजी येत ना हिच्यावर पगार न्यायला?" त्यांच्या लहानपणी पेणात हिंद सायकली पुष्कळ, वरळीला बनायच्या. हंबर मास्तर-तलाठ्यांकडे. १९८० साली कायदा करून सरकारने हिंद आणि सेन-रॅले दोन्ही कारखाने एकदमच ताब्यात घेतले, तेही बोलण्यात आलं. "दोन आजारी माणसं एका खाटेवर," मिस्त्री म्हणाले.
छर्रे घेतले. मागच्या चाकाला आणि मधल्या एक्सलला पाव इंची, पुढच्या चाकाला तीन-सोळांश. २८ बाय दीडचा टायर विचारताना मनात धाकधूक. पोराने न बघता वरून ओढून दिला. आपल्याकडे हे माप कधी बंदच पडलं नाही.

३ मे
उकाडा. खारेपाटावरून वारासुद्धा गरम. काही केलं नाही.

६ मे
रंग. सगळ्यांचं एकच: घास, स्प्रे मार, नवी कर. चुलतभाऊ खारपाड्याला गॅरेजवाल्याशी बोलूनही आला. मी नाही म्हटलं. हिरवा रंग काढणार, त्याखालच्या काळ्याला हात लावणार नाही. काळा भट्टीत भाजलेला आहे, टणक. थिनरचा बोळा जपून फिरवला तर वरचा ऑइलपेंट सुटतो, काळा राहतो. कारखान्याच्या सोनेरी रेघा मात्र नाजूक. बोळा जरा रेंगाळला की गेल्या.

७ मे
एक वीत झाली.

८ मे
आणखी एक वीत. सोनेरी रेघ दिसली! मडगार्डच्या कडेने, केसाएवढी.

११ मे
सीटच्या नळीवर अक्षरं. श्वास रोखून कापूस फिरवला. "मेड इन". पुढे काही नाही. पंप अडकवायच्या खिट्टीने घासून घासून नेमकं तिथेच पत्रा उघडा पडलाय.
हसूच आलं आधी. मग राग.

१२ मे
काका म्हणतात, पुढे इंग्लंडच असणार, जागा तेवढीच आहे. "इंडिया"ला तर त्याहून कमी लागते, हे मी बोललो नाही.

१७ मे
हमरापूर. कारखान्यांत पाय ठेवायला जागा नाही, पाऊस यायच्या आत मूर्ती सुकवायच्या म्हणून सगळे घाईत. तिथल्या एक ताई गणपतीचे डोळे आखतात. मडगार्ड सोबत नेलं होतं. तुटलेली रेघ जोडून मिळेल का? त्यांनी पुठ्ठ्यावर एक ओढून दाखवली. मनगट हललं नाही, सगळा हात खांद्यातून सरकला. हुबेहूब. मग मडगार्ड उन्हात तिरकं धरून पाहिलं आणि परत दिलं. "मी जोडीन, पन मग जुनी कंची नि नवी कंची, तुलाच नाय कलनार."
परत येताना फाट्यावर बराच वेळ रिक्षा नाही. मडगार्ड मांडीवर. जोडायची नाही, ठरलं.

२० मे
क्रोमवरचा गंज. चॉकलेटची चांदी पाण्यात बुडवून घासली. क्रोमपेक्षा ती मऊ, त्यामुळे ओरखडा नाही. हँडल लखलखलं. घंटीवर क्रोम उरलंच नाही, पितळ. तशीच ठेवली.

२३ मे
चाकांचा आऊट काढला. पुढे ३२ आरे, मागे ४०. वजन मागे म्हणून. आठ निपल फिरेनात, गरम केले तेव्हा सुटले. आजोबांच्या मागे कॅरिअरवर किती जण बसले असतील. पोलीस दिसला की डबल सीटवाल्याने उडी मारायची, हे काकांकडून ऐकलेलं.

२५ मे
चामड्याची सीट फाटलेली. मोच्याने हात लावायला नकार दिला, मग लावला. खालून पट्टा आणि तांब्याचे रिव्हेट. बसण्याजोगी झाली. सुंदर नाही.

२९ मे
रस्त्याच्या भूसंपादनाचे कागद शोधायला आईने आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. सातबारे, शाळेची हजेरी, एक विडीचं बंडल. त्यातच पावती. पनवेल, १९५८. "हंबर, २४ इंची, नवी, १." वर छापील: सेन-रॅले.
आसनसोल.
आईला दाखवली. ती म्हणाली, "काकांना आज नको सांगू. त्यांचं बीपी."

३० मे
आजोबांनी कधी लंडन म्हटलं होतं का? आई म्हणते, ते सायकलबद्दल बोलतच नसत. रोज पुसत.

३ जून
जागतिक सायकल दिन. २०२० साली याच दिवशी अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. कामगारांना गेटवरच्या नोटिशीतून कळलं.
ब्रेकच्या सळ्या बसवल्या. तार नाही कुठेच, सगळं कांड्या आणि बिजागऱ्या. दांडा दाबला की रबरं खालून वर रिमच्या आतल्या कडेला भिडतात. मागचा पकडत नाही. एक सळी सरळ केली की दुसरी रुसते.

५ जून
हमरापूर फाट्यापर्यंत जाऊन आलो. अवजड, पण एकदा गती धरली की सोडत नाही. खड्ड्यातून झोकात गेली, लांब चिमट्याला स्प्रिंगसारखा लवचिकपणा आहे. डंपरवाला हॉर्न वाजवायचा थांबून बघत राहिला.

९ जून
काकांना पावती दाखवली. भिंग घेऊन वाचली, दोनदा. "आसनसोल म्हणजे कलकत्त्याकडे ना?" हो. पावती घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. जेवताना अवाक्षर नाही.

१० जून
पुण्याला विक्रम पेंडशांचं सायकल संग्रहालय पाहायचं राहिलंय. पावसाळ्यानंतर.

१२ जून
पाऊस. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. ओट्यावरून उतरताना तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं. आता ऑक्टोबरपर्यंत पडवीतच. चेनला तेल, रिमला ग्रीसचा हात.
संध्याकाळी काका शेजाऱ्यांना दाखवत होते. "बंगालची गाडी. डबल चिमटा. आता बनत नाही तसली." शेजारी म्हणाले, तुम्ही तर लंडनची सांगायचात. काका म्हणाले, "लंडनच्या गाड्या काय, कुणाकडेही असतात."
मागची सळी अजून कुरकुरते.