अर्धा म्हणजे किती?

रॉनी रॅडफर्डचा तो गोल यूट्यूबवर आहे. मैदानाचा नुसता चिखल झालेला, चेंडू किंचित उसळतो आणि रॅडफर्ड साधारण तीस यार्डांवरून तो सणसणीत हाणतो. चेंडू थेट जाळ्यात. पुढच्याच क्षणी पार्का जॅकेट घातलेली पोरं मैदानात धावत सुटतात.

तारीख ५ फेब्रुवारी १९७२. एफए कपची तिसरी फेरी. पहिला सामना २-२ असा सुटल्यामुळे हा पुन्हा खेळवलेला. न्यूकॅसल युनायटेड पहिल्या डिव्हिजनमधला संघ. हेरेफर्ड युनायटेड सदर्न लीगमधला, म्हणजे फुटबॉल लीगच्या चारही डिव्हिजनच्या बाहेरचा. शेवटची काही मिनिटं उरली असताना न्यूकॅसलने आघाडी घेतली. रॅडफर्डने बरोबरी केली, जादा वेळेत रिकी जॉर्जने दुसरा गोल मारला. लीगबाहेरच्या संघाने पहिल्या डिव्हिजनच्या संघाला हरवलं, ते १९४९ नंतर प्रथमच.

रॅडफर्ड पेशाने सुतार होता.

अशा खेळाडूला इंग्लंडमध्ये सेमी-प्रो म्हणतात. क्लब पैसे देतो, पण त्यावर घर चालत नाही. म्हणून दिवसा काम, आठवड्यातून दोनेक संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. मधल्या वारी लांबच्या गावात सामना असला की कामावरून लवकर निघायचं, मध्यरात्री परतायचं आणि सकाळी पुन्हा कामावर हजर. पाय मोडला तर दोन्हीकडची कमाई अडते.

मराठीत याला धड शब्द नाही. आपल्याकडे माणूस हौशी असतो, नाहीतर व्यावसायिक. 'अर्धव्यावसायिक' हा सरकारी फॉर्मवरचा शब्द वाटतो. मी दिवसा एका ऑफिसात हिशेब तपासते आणि रात्री प्रायोगिक नाटकाच्या तालमीला जाते. मानधन मिळतं, ते रिक्षात संपतं. लग्नकार्यात कुणी विचारलं की आई सांगते, "नोकरी करते, शिवाय नाटकाची हौस आहे." आई हे कौतुकानेच म्हणते. पण हौस म्हणजे मन असेल तेव्हा करायची गोष्ट. तालीम अंगात ताप असतानाही चुकत नाही.

रॅडफर्डची गोष्ट बहुतेकदा 'कष्टाचं चीज झालं' अशी सांगतात. चीज झालंही. त्या मोसमात बीबीसीचा सर्वोत्तम गोल तोच ठरला. हेरेफर्डला त्याच वर्षी फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला. समालोचन करणारा २६ वर्षांचा जॉन मोट्सन पुढे इंग्लंडचा घराघरातला आवाज झाला.

पण रॅडफर्ड चेल्टनम टाउनकडून खेळला, न्यूपोर्ट काउंटीकडून खेळला, हेरेफर्डनंतर वूस्टर सिटीकडूनही खेळला. ते सामने कुणी शोधत नाही. २०२२ मध्ये तो वारला तेव्हाही बातम्यांत तोच एक गोल होता. चेंडू बारच्या वरून गेला असता तर ही कारकीर्द कमी भरली असती का? दिवसभर लाकूड कापून संध्याकाळी बूट बांधायला जितकी ताकद लागते, तितकी तशीही लागलीच असती. सेमी-प्रोमधला 'अर्धा' हा फक्त पगाराचा हिशेब आहे, आणि हिशेब मला कळतो.

हल्ली कुणी विचारलं तर आईच्या आधी मीच उत्तर देते. दोन कामं करते म्हणून सांगते.