डीजे वन-बीएचके

मालाडमध्ये 'डीजे' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? विसर्जनाच्या मिरवणुकीतला ट्रक, त्यावर रचलेली स्पीकर्सची भिंत आणि थरथरणाऱ्या खिडकीच्या काचा. बरोबर ना? त्यामुळे 'मला डीजेचं मशीन घ्यायचंय' असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा आईने दोन प्रश्न विचारले. पहिला, "सोसायटीची परवानगी लागेल का रे?" आणि दुसरा, "ठेवणार कुठे?"

पहिल्यावर सगळे हसले. दुसऱ्यावर मात्र मीसुद्धा गप्प. कारण आमचं घर म्हणजे मालाड ईस्टचा वन-बीएचके. माणसं चार. हॉलमध्ये आई-बाबा, बेडरूममध्ये आम्ही दोघं, आणि उरलेल्या जागेत शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि बायकोचं वर्क फ्रॉम होम. इथे नवीन खुर्ची आणायची तरी आधी जुनी काढावी लागते. म्हणजे टर्नटेबल घेताना बाकीचं जग 'टॉर्क किती?' विचारतं, आपण मुंबईकर मात्र आधी इंच-टेप काढतो.

तसं पाहिलं तर या धंद्यातला बाप एकच. टेक्निक्सचं एसएल-१२००. जपानी कंपनीने ते १९७२ मध्ये बाजारात आणलं, २०१० मध्ये बंद केलं आणि लोकांनी इतकी हाय खाल्ली की २०१६ मध्ये परत आणावं लागलं. याचा फंडा सोपा आहे. साध्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये मोटर एका बाजूला असते आणि रबरी पट्ट्याने तबक फिरवते. टेक्निक्समध्ये मोटर थेट तबकाखालीच. त्यामुळे हाताने रेकॉर्ड मागे ओढा, सोडा, थांबवा, खालचं तबक आपला वेग सोडत नाही. पण एकेकाचं वजन बारा किलोच्या आसपास. अशी दोन, मध्ये मिक्सर, आणि हे सगळं न हलणाऱ्या टेबलावर. आमच्याकडे हे मांडायचं तर बाबांचा दिवाण जिन्यात ठेवावा लागला असता.

मग उरतं ते पोर्टेबल.

आता तुम्ही म्हणाल, स्क्रॅचिंगच करायचंय तर मोबाइलवर अॅप आहे की! आहे, आणि मीही वापरलंय. पण काचेवर बोट घासणं आणि सुईखालच्या रेकॉर्डला हात लावणं यात फरक आहे. ढोलकी आणि ढोलकीचा फोटो यात जेवढा असतो, साधारण तेवढा. शिवाय स्क्रॅचचा जन्मच मुळी घरातल्या आरडाओरड्यातून झालाय. सत्तरच्या दशकात न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये एक शाळकरी पोरगा खोलीत मोठ्याने रेकॉर्ड लावून बसला होता. आई दारात येऊन ओरडायला लागली. तिचं ऐकायला त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली, हात जरा मागे-पुढे झाला आणि हेडफोनमधून तो प्रसिद्ध 'झिक-झिक' आवाज आला. पुढे हा पोरगा ग्रँड विझर्ड थिओडोर म्हणून जगभर ओळखला गेला. ही गोष्ट मी आईला सांगितली. ती म्हणाली, "बघ, आयांचं ऐकलं की असं होतं."

असो. दोन महिने मी ऑफिसमध्ये लंच टाइमला फक्त हेच वाचत होतो. माइंडस्पेसच्या कॅन्टीनमध्ये लोक फ्लॅटचे रेट बघतात, मी सुया बघत होतो. त्यातून जे कळलं ते थोडक्यात असं.

पोर्टेबल स्क्रॅचिंगची हवा ज्या मशीनने केली, ते जपानच्या वेस्टॅक्सचं हँडी ट्रॅक्स. हातात धरायची मूठ, बॅटरीवर चालणारं, आत स्पीकर. पोरांनी त्याला स्वतःच क्रॉसफेडर जोडले आणि बागेत, फुटपाथवर, बसस्टॉपवर स्क्रॅच सुरू केलं. वेस्टॅक्स कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. मग २०१६ मध्ये न्यूमार्कने पीटी-०१ स्क्रॅच आणलं, ज्यात स्क्रॅचसाठीचा स्विच कंपनीनेच बसवून दिला. त्यानंतर रीलूपचं स्पिन आलं, त्यात ब्लूटूथ आणि पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंगची सोय. आणि २०२३ मध्ये कॉर्गने हँडीट्रॅक्स हे नाव पुन्हा झळकवलं, तेही वेस्टॅक्सच्या मूळ संस्थापकाला बरोबर घेऊन, इफेक्ट्स आणि लूपरसकट.

फीचर्सची यादी वाचून डोकं फिरतं. म्हणून मी यादी बाजूला ठेवली आणि आपल्या घराला विचारायचे प्रश्न लिहून काढले.

एक, आवाज. निवासी भागात रात्री दहानंतरची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल. आमच्या हॉलची मर्यादा त्याहून कडक, कारण तिथे बाबा झोपतात. म्हणजे हेडफोनचं भोक मस्ट. पण एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. हेडफोन लावला तरी फेडरचा 'टक-टक' आवाज बाहेर येतोच. पहिल्या आठवड्यात बाबांनी दोनदा उंदराचा पिंजरा लावला.

दोन, फेडर. स्क्रॅच शिकताना कळतं की रेकॉर्डवरचा हात सगळ्यांना दिसतो, पण खरी कमाल दुसऱ्या हाताची असते. रेकॉर्ड नुसती पुढे-मागे केली तर त्याला म्हणतात बेबी स्क्रॅच. (मी घरात 'सध्या बेबीवर काम चाललंय' म्हणालो तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, त्याबद्दल बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही.) पण फेडरने आवाज नेमका तोडला की चर्प, ट्रान्सफॉर्मर, क्रॅब असे एकेक प्रकार निघतात. क्रॅब म्हणजे चार बोटं एकामागून एक फेडरवर आपटायची. बोअरिंग मीटिंगमध्ये आपण टेबलावर बोटं वाजवतो ना, डिट्टो तसंच. फेडर हा सर्वांत आधी झिजणारा भाग. म्हणून तो स्वतः बदलता येतो का आणि सुटा मिळतो का, हे आधी विचारा. उजव्या-डाव्या हातासाठी त्याची दिशा उलटी करता येते का, तेही.

तीन, घसरण. पोर्टेबल मशीनमध्ये बहुतेक वेळा पट्टाच असतो, मोटर अशक्त. रबरी मॅटवर हात दाबला की तबकच थांबतं. इलाज स्वस्त आहे. वर फेल्टची पातळ स्लिपमॅट आणि तिच्याखाली गोल कापलेला बटर पेपर. मग रेकॉर्ड थांबते, तबक फिरत राहतं. आमचा बटर पेपर आईच्या केकच्या सामानातून आलाय.

चार, मिक्सिंग. एका टर्नटेबलवर मिक्सिंग कसलं, असं वाटेल. पण मशीनला ऑक्स-इन असेल तर मोबाइलवर बीट लावायचा आणि त्यावर रेकॉर्ड घासायची. दोन गाणी एकमेकांत मुरवायची असतील तर दोन मशीन लागणार, त्याला इलाज नाही. पण शिकायला हे पुरतं. त्यासाठी सात इंची खास रेकॉर्ड्स मिळतात, ज्यात सुई उडाली तरी आवाज तोच येतो. त्यामागचं गणित मला जाम आवडलं. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. मिनिटाला १०० बीटचा ताल असेल तर एका फेऱ्यात बरोब्बर तीन बीट बसतात, आणि १३३ च्या जरा वर असेल तर चार. त्यामुळे शेजारच्या खाचेत नेमका तोच आवाज, त्याच जागी. सुई कुठेही पडो, मांजर चार पायांवर!

आणि पाच. हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. तो माळ्यावर होता.

१९९६ मध्ये आम्ही लालबागच्या चाळीतून मालाडला आलो. मी तेव्हा दोन वर्षांचा. बाबांचा एचएमव्हीचा फिएस्टा, झाकण लावलं की सूटकेस होणारा रेकॉर्ड प्लेअर, त्या शिफ्टिंगमध्ये मोडीत गेला. रेकॉर्ड्स मात्र त्यांनी टाकल्या नाहीत. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. गीतरामायण, नाट्यगीतं, ४५ च्या छोट्या रेकॉर्ड्स, आणि आजोबांच्या चार-पाच लाखेच्या तबकड्या. तीस वर्षांच्या आसपास त्या तिथेच. मधल्या काळात कॅसेट आली, सीडी आली, काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, आणि २०२४ मध्ये तर नवी मुंबईत पुन्हा रेकॉर्ड छापण्याचा कारखाना सुरू झाला. बाबांचं गोणपाट काही सुटलं नाही. रिटायर झाल्यापासून ते टीव्हीपुढे बसतात, पण बघत नाहीत.

माझं मशीन येणार हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्यावर साध्या रेकॉर्ड लागतात का?"

बॉस, सगळं गणित तिथे बदललं. कारण स्क्रॅचची सुई आणि ऐकायची सुई यांचं जमत नाही. स्क्रॅचमध्ये सुई उडू नये म्हणून तिच्यावर भार जास्त, आणि ती एकाच जागी शेकडो वेळा मागे-पुढे घासते. खाच हळूहळू पांढरी पडते, आवाज खरखरतो. ज्या रेकॉर्ड्स पुन्हा मिळणार नाहीत, त्यांच्यावर हा प्रयोग करायचा नसतो. लाखेच्या ७८ ची गोष्ट तर आणखी वेगळी. तिची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद, तिला मोठ्या टोकाची वेगळी सुई लागते. मशीनवर ७८ चं बटण आहे म्हणून एलपीच्या सुईने ती वाजवू नका. आणि ती पडली तर फुटतेच.

माझ्याकडे पैसे एका मशीनचे. त्यात निव्वळ स्क्रॅचसाठी आतून बदल करून घेतलेलं, ताकदवान पण स्पीकर नसलेलं सेकंडहँड मशीन एका कलीगकडे मिळत होतं. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू? दुसरीकडे साधं पीटी-०१. आत स्पीकर, तिन्ही वेग, सुई बदलता येणारी, बॅटरीवर चालणारं. स्क्रॅचर म्हणून पहिलं बेस्ट. पण त्या घरात मी एकटा राहत नाही.

मी पीटी-०१ घेतलं. सोबत दोन सुया. एक लाल डबीत, ती माझी, घासायची. एक कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात, ती बाबांची. त्यांच्या मशीनवरही भार एलपीच्या महागड्या मशीनपेक्षा जास्तच पडतो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, रोज लावलीत तर झिजतील. ते म्हणाले, "आणि माळ्यावर ठेवल्या तर?"

घासण्यासाठी माझा माल वेगळा आहे. सात इंची स्क्रॅच रेकॉर्ड आणि चोर बाजारातून आणलेल्या, आधीच मेलेल्या रेकॉर्ड्स. तिथे 'शोले'च्या संवादांची पॉलिडॉरची रेकॉर्ड शोधा. स्क्रॅचला गाण्यापेक्षा बोललेला शब्द बरा, कारण तो सुटा असतो आणि कुठेही तोडता येतो. माझी कॉपी इतकी ओरखडलेली आहे की विकणाऱ्यानेच विचारलं, "बजाने के लिए चाहिए या दीवार पे लगाने के लिए?"

प्रॅक्टिस रोज वीस मिनिटं. मशीन पलंगाखाली सरकवलेलं असतं, बाहेर काढायला दहा सेकंद. पोर्टेबलचा खरा फायदा मला हाच वाटतो. मोठ्या सेटअपवाले मित्र महिन्यातून एकदा कव्हर काढतात, मी अंघोळीचं पाणी तापेपर्यंत दोन चर्प मारून घेतो. पावसाळ्यात लाइट गेली तरी अडत नाही, फक्त त्या सहा जाडजूड बॅटऱ्यांचा खर्च ऐकून आई मान हलवते.

टाइमटेबल मात्र ठरलेलं आहे. रविवारी सकाळी नऊ ते अकरा मशीन बाबांचं. ते खुर्ची ओढून बसतात, रेकॉर्ड मऊ कपड्याने पुसतात, करंड्यातली सुई मला बसवायला लावतात आणि मग हात मांडीवर ठेवून ऐकतात. पहिल्या रविवारी त्यांनी एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकली आणि मग लालबागच्या चाळीत फिएस्टाभोवती कोण कोण जमायचं, त्यांची नावं मला एकेक करून सांगितली. ती नावं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

गेल्या रविवारी साडेअकरा वाजून गेले तरी मशीन त्यांच्याकडेच होतं. मी लाल डबी खिशात ठेवली आणि भाजी आणायला नटराज मार्केटला गेलो.