भाऊ वकील नसता तर?

पोलिसांच्या चौकशीसाठी वेगळी यंत्रणा नको, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. खंडणीचे फोन आणि भर रस्त्यातले गोळीबार मुंबईनं पाहिले होते. अशा शहरात पोलिसांच्या मागे सतत चौकशीचा ससेमिरा लावला तर त्यांचं मनोधैर्य खचेल, आणि कुणी हद्द ओलांडलीच तर न्यायालय आहेच, असं मी म्हणायचो. लखनभैया प्रकरण मुळापासून वाचलं आणि हे मत बदललं.

११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीतून मित्रासह उचललं गेलं. त्याच संध्याकाळी वर्सोव्यात तो चकमकीत ठार झाल्याचं पोलिसांनी सांगितलं. पण त्याचा भाऊ वकील. 'उचललं' एवढं कळताच त्यानं वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स धाडले होते. चकमकीची कहाणी तिथंच अडखळली.

तरीही भावाला उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. त्यानंतर २००९ मध्ये विशेष तपास पथक आलं. सोबत उचललेला मित्र साक्षीआधीच, २०११ मध्ये मृतावस्थेत सापडला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवलं. तिथं सुटलेले माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना उच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये जन्मठेप सुनावली. त्यावर ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

न्यायालय होतंच. पण तिथवर पोचायला घरात वकील लागला, आणि वर्षानुवर्षांची चिकाटी. पारध्याच्या पालावरून किंवा झोपडपट्टीतून पोरगा उचलला गेला, तर त्याच्या आईनं कुणाकडे जायचं?

पोलीस सुधारणांसाठीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणाचा आदेश दिला, तोही २००६ मध्येच. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायद्यात तशी तरतूद केली. या प्राधिकरणाकडे स्वतःचे तपास अधिकारी हवेत, त्याचा पत्ता प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात हवा. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण तक्रारदाराला मिळायला हवं.

आणि मनोधैर्याचं म्हणाल, तर लखनभैया प्रकरणाचा छडा लावणारं पथकही पोलिसांचंच होतं. वरून बेकायदा हुकूम आला, तर 'साहेब, उद्या मलाच जाब द्यावा लागेल' असं शिपायाला म्हणता आलं पाहिजे. प्रामाणिक पोलिसाच्या पाठीशी उभं राहायचं म्हणूनच मला आता ही यंत्रणा हवी आहे.