ज्या विषयाला मी विरोध केला

गुप्तवार्ता आणि माहितीयुद्ध हा विषय बी.ए.ला शिकवावा, असा प्रस्ताव आमच्या अभ्यास मंडळापुढे पहिल्यांदा आला तेव्हा सर्वांत कडक विरोध माझा होता. मी इतिहासाची शिक्षिका. माहेर साताऱ्याचं, पण नोकरीचा सगळा काळ जयपुरात गेला. तेव्हा मी जे बोलले ते आजही मला पोकळ वाटत नाही, म्हणून आधी तेच नीट सांगते.

राजस्थानला पाकिस्तानची १,०७० किलोमीटर लांब सीमा लागून आहे. जैसलमेर-बाडमेरकडच्या कुणाला तरी लष्कराचे फोटो पलीकडे पाठवल्याच्या संशयावरून पकडलं, ही बातमी इथल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असते. सुरुवात बऱ्याचदा एखाद्या अनोळखी बाईच्या नावाने आलेल्या फ्रेंड रिक्वेस्टपासून झालेली असते. अशा हवेत एकोणीस वर्षांच्या मुलांना हेरगिरीचं शास्त्र शिकवलं, तर ती आधी संशय घ्यायला शिकतील, आणि तोही आपल्याच बाकावर बसणाऱ्या, वेगळ्या आडनावाच्या मुलावर, अशी माझी भीती होती. ज्यांना या वाटेने जायचंय त्यांच्यासाठी गांधीनगरला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे, जोधपूरला पोलीस आणि सुरक्षेचं सरदार पटेल विद्यापीठ आहे. बाकीच्यांना कशाला ओढायचं? खात्याचं काम खात्यात शिकावं, वरिष्ठांच्या हाताखाली. प्रस्ताव बारगळला आणि मला हायसं वाटलं.

मे २०२५ मध्ये माझ्या मनाला पहिला धक्का बसला. पाकिस्तानविरुद्धचं ऑपरेशन सिंदूर सुरू होतं. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत ब्लॅकआउट होता, आणि जयपूर विमानतळावर स्फोट झाल्याच्या पोस्ट फिरू लागल्या. त्या खोट्या होत्या. जिल्हाधिकाऱ्यांनी तसा खुलासा केला, केंद्र सरकारच्या पीआयबीनेही केला. त्याच दिवसांत कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी आपल्याच काही वाहिन्यांनी छातीठोकपणे चालवली. तीही खोटीच निघाली. विमानतळाची पोस्ट आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आली तेव्हा मुलांनी लगेच विचारलं, ‘कन्फर्म है क्या?’ कराचीच्या बातमीखाली नुसते तिरंगे पडत गेले. पुरावा मागायला कुणीच पुढे आलं नाही.

यात मला खरी धास्ती कराचीच्या बातमीची वाटली. घाबरवणारी बातमी माणूस निदान कधीकधी तरी पडताळून पाहतो. सुखावणारी बातमी तो तशीच पुढे ढकलतो, आणि शत्रूला काय, आपल्यातल्याच एखाद्या उपद्व्यापी माणसालाही याहून सोपी फट मिळत नाही. माझे विद्यार्थी या माहितीयुद्धात केव्हाच उतरलेले होते, हातात फोन आल्या दिवसापासून. ते ओझी वाहत होते आणि ओझ्यात काय आहे हे पाहायला त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. महाराष्ट्राने याची किंमत आधीच मोजली आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून पसरली आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठेचून मारलं. त्यांतली बहुतेक माणसं सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी तिकडे गेली होती. संशय घ्यायला तिथे कुठल्या कॉलेजने शिकवलं होतं? संशय होताच, तो पारखायची रीत कुणाला ठाऊक नव्हती.

मग मी हा विषय वाचायला घेतला, आणि घेतल्यावर कळलं की त्यातला मोठा भाग आम्ही इतिहासवाले आयुष्यभर करतच असतो. अमेरिकेत गुप्तवार्तेच्या विश्लेषणाची घडी बसवणारा शर्मन केंट हा येल विद्यापीठातला इतिहासाचा प्राध्यापक. १९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असा अहवाल तो काम करत होता त्या कार्यालयात तयार झाला. नंतर त्याने सहकाऱ्यांना विचारलं, गंभीर म्हणजे किती? कुणाच्या मनात शंभरात वीस होते, कुणाच्या ऐंशी. सही मात्र सगळ्यांनी एकाच वाक्याखाली केली होती. आणि आपल्याकडे कौटिल्याने तर केव्हाच सांगून ठेवलंय की एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचं म्हणणं जुळलं तर ते खरं धरावं. दहा ग्रुपवर आलेला एकच फॉरवर्ड म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, हे मुलांना पटवायला मला याहून चांगला आधार सापडला नाही.

गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी एक प्रयोग केला. साहित्य जयपूरचंच होतं. १६६६ साली छत्रपती शिवाजी महाराज आग्र्याला गेले, तेव्हा त्यांची व्यवस्था मिर्झाराजे जयसिंगांचे पुत्र रामसिंग यांच्याकडे होती. जयपूर शहर तेव्हा वसलेलंही नव्हतं, राजधानी आमेर. रामसिंगांच्या पदरचा परकालदास आग्र्याहून आमेरला कल्याणदासाकडे बातमीपत्रं धाडत होता. जुन्या राजस्थानीतली ही पत्रं जयपूर दरबाराच्या दप्तरात टिकली आणि १९६३मध्ये जदुनाथ सरकार व रघुवीर सिंह यांच्या संपादनात पुस्तकरूपाने आली. महाराजांचं रूप, त्यांचा लवाजमा, नऊ वर्षांचे शंभूराजे, हे सगळं त्यात समकालीन माणसाने टिपलेलं आहे. लोकांत काय बोललं जातंय तेही आहे.

वर्गाला मी गुप्तवार्ता खात्यांची प्रतवारी समजावून दिली. ब्रिटिश नौदलाच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत जगभर वापरतात. सांगणारा किती भरवशाचा, यासाठी ए ते एफ. सांगितलेली गोष्ट कितपत खरी असेल, यासाठी एक ते सहा. दोन्ही गुण वेगवेगळे द्यायचे, एकाची सावली दुसऱ्यावर पडू द्यायची नाही. भरवशाचा माणूसही ऐकीव थाप सांगू शकतो, आणि लबाडाच्या तोंडूनही खरं निघू शकतं. एफ आणि सहा यांचा अर्थ ‘ठरवता येत नाही’. मुलांना सर्वांत जड गेला तो हाच सहाचा आकडा. सहा दिला की उत्तर आलं नाही असं त्यांना वाटे.

सीकरकडची एक मुलगी उठून म्हणाली, “मैम, शिवाजी महाराज कैसे दिखते थे, उस पर परकालदास को ए दूँगी. रामसिंह की बात हो तो सी.” का? तर पगार रामसिंगांचा. नियमात असं बसत नाही, एका सांगणाऱ्याला एकच प्रत द्यायची असते. पण तिला जे दिसलं ते संशोधन करणाऱ्यांनाही कधीकधी दिसत नाही.

त्यानंतरचा तास मी विसरणार नाही. महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटल्यावर त्यांची माणसं रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर मोगलांच्या हाती लागले. त्यांचा छळ झाला आणि त्यातून निघालेल्या जबाबांनी संशय रामसिंगांच्या माणसांवर गेला. रामसिंगांना दरबार बंद झाला. या जबाबांना किती गुण द्यायचे? पूर्ण तास वाद चालला. छळ करणाऱ्याला जे ऐकायचं असतं तेच छळलेला माणूस बोलतो, इथवर मुलं आपापली आली. तिथून ती आजच्या पोलीस कोठडीवर आली, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आपलं न्यायालय आरोपीविरुद्ध पुरावा का धरत नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनीच मला सांगितलं. ज्या विषयाने माणूस माणसावर उठेल म्हणून मी धास्तावले होते, त्याच विषयातून वर्ग आरोपीच्या हक्कापाशी पोचला होता. माझं मत बदललं ते त्या तासाला.

पुढच्या बैठकीत हा प्रस्ताव मीच मांडणार आहे. माझ्या जुन्या भीतीतलं जे मला अजून खरं वाटतं, ते अट म्हणून त्यात लिहिलं आहे: कुठल्याही जिवंत माणसावर पाळत ठेवण्याचा, खोटं खातं काढून कुणाला फसवून पाहण्याचा स्वाध्याय या पेपरात असणार नाही, ‘सरावासाठी’ म्हणूनही नाही. काही खासगी संस्था हा विषय जासूसपटासारखा रंगवून विकतात. तसं माहितीपत्रक आमच्याकडे निघालं तर मी सही करणार नाही. विषय कला शाखेत राहावा, इतिहास, राज्यशास्त्र आणि संज्ञापन या तिघांनी मिळून शिकवावा. प्रात्यक्षिकासाठी एका दाव्याचा कागद मुलांना द्यावा, त्यांना स्वतःला आवडणाऱ्या दाव्याचा, आणि तो खोडून काढायला आठवडाभराची मुदत द्यावी. मंडळावरचे एक सहकारी म्हणतात, यात राष्ट्रभावनेला धक्का लागेल. त्यांच्यासाठी मी कराचीच्या त्या बातमीचं कात्रण फाइलला जोडलं आहे.