पत्ता

मराठीत 'पत्ता' या शब्दाला आपण किती कामाला लावलंय बघा. पत्ता लागतो, लागत नाही, कुणाचा तरी पत्ता कट होतो, आणि दुपारी जेवणं झाली की पत्ते पिसलेही जातात. चौतीस वर्षं मराठी शिकवली, या शब्दाची वाक्यं पोरांकडून किती वेळा करून घेतली असतील कोण जाणे. पण "यंत्राचा पत्ता त्याच्याच पोटात शिरून विचारायचा" असलं वाक्य एकाही वहीत सापडलं नव्हतं. ते या जुलैत आमच्या सूनबाईकडून ऐकलं.

ती इथे डोंबिवलीत बसून नाशिकच्या एका इस्पितळाचा सर्व्हर सांभाळते. आधी सांभाळणारी मंडळी काम सोडून गेली आणि जाताना कागदाचा एक कपटाही ठेवून गेली नाहीत. सर्व्हर एकच, पण त्याच्या पोटात नऊ आभासी यंत्रं चालतात : केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, औषधांचा साठा वगैरे. या नवांना पोटात घेणाऱ्या मूळ व्यवस्थेला होस्ट म्हणतात. मी आपलं माझ्या सोयीने समजून घेतलं : होस्ट म्हणजे शाळेची इमारत आणि आतली यंत्रं म्हणजे वर्ग. गंमत अशी, की प्रत्येक वर्गाला आपण म्हणजेच अख्खी शाळा असं वाटत असतं!

आता शाळेमागे शिपाईमामांची खोली असते ना, तशी या सर्व्हरमध्येही एक असते. मुख्य पाटीवरच एक छोटासा स्वतंत्र संगणक बसवलेला असतो. मोठं यंत्र बंद असलं तरी, वीज येतेय तोवर हा जागा. बहुतेकदा त्याची नेटवर्कची वायरही वेगळी आणि पत्ताही वेगळा. पंखे फिरताहेत का, तापमान किती, हे तो सांगतो. लांबून यंत्र बंद-चालू करून देतो, आणि सोय घेतलेली असेल तर (काही कंपन्या तिचे वेगळे पैसे घेतात) पडद्यावर काय दिसतंय तेही घरबसल्या दाखवतो. एचपीवाले त्याला आयएलओ म्हणतात, डेलवाले आयड्रॅक. सर्वसाधारण नाव बीएमसी. हे ऐकून मी म्हटलं, "मुंबई महानगरपालिकेचा इथे काय संबंध?" तेव्हा ती तेवढ्या ताणातही हसली. बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, असा त्याचा विस्तार. त्याच्याशी बोलण्याची आयपीएमआय नावाची पद्धत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून १९९८ मध्ये ठरवली.

ताण अशासाठी, की सुरक्षेची दुरुस्ती बसवून होस्ट बंद-चालू करायचा होता. दोन वर्षांहून अधिक काळ तो एकदाही बंद झालेला नव्हता. इस्पितळाने शनिवारी रात्री ११ ते १ एवढीच वेळ दिलेली. पुन्हा उठलाच नाही तर? रविवारी सकाळी आयसीयूतल्या रुग्णांचे रिपोर्ट कुठून आणायचे? आणि बीएमसीचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे गाडी काढून धो धो पावसात, रात्री कसारा घाट. तिच्या सासूबाईंनी तर थर्मास भरायला घेतला होता.

"अण्णा, थांबा, त्यालाच विचारते," असं म्हणून ती होस्टमध्ये शिरली. तो व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय होता (ही कंपनी २०२३ पासून ब्रॉडकॉमकडे आहे). तिने एक ओळ टाइप केली : 'ईएसएक्ससीएलआय हार्डवेअर आयपीएमआय बीएमसी गेट'. चार-दोन ओळी उमटल्या आणि त्यात पत्ता! होस्ट लिनक्सचा असता तर 'आयपीएमआयटूल लॅन प्रिंट १' असं विचारावं लागलं असतं, म्हणाली. पत्त्याच्या जागी नुसती शून्यं आली असती, तर खोली आहे पण तिला घर क्रमांकच दिलेला नाही, असं समजायचं.

मी विचारलं, त्या नऊपैकी एखाद्या यंत्राला विचारलं असतं तर? नाही जमत. त्यांना खरं लोखंड दिसतच नाही, होस्ट दाखवेल तेवढंच दिसतं. वर्गातल्या मुलाला शिपाईमामांची खोली कुठली हे सांगता येत नाही, तसंच. होस्टची गोष्ट वेगळी. त्याची आणि बीएमसीची आतल्या आत, पाटीवरूनच बोलणी चालतात. त्याला नेटवर्क लागत नाही की बीएमसीचा पासवर्ड लागत नाही. होस्टचा मुख्य अधिकार हातात असला की झालं.

पत्ता मिळाला, पण दार? ते कारखान्यातून आलेल्या पासवर्डनेच उघडलं. सूनबाईचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, आता हिला आनंद व्हायला हवा! पण ज्याच्या हाती बीएमसी, त्याच्या हाती अख्खं यंत्र. डॅन फार्मर नावाच्या सुरक्षातज्ज्ञाने २०१३ मध्येच या आयपीएमआयच्या कच्च्या दुव्यांवर सविस्तर लिहून ठेवलंय. तिने सगळ्यात आधी पासवर्ड बदलला.

आणि हा मागचा रस्ता पुढच्या रस्त्याबरोबर बंद पडू नये म्हणतात. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक काही तास बंद पडलं होतं, आठवतं? तेव्हा त्यांचं मुख्य जाळंही गेलं आणि अडीअडचणीचं वेगळं जाळंही. शेवटी माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली. एवढ्या मोठ्या घरचे हे वासे!

असो. अकरा वाजता तिने नऊही यंत्रं एकेक करून निजवली आणि होस्टला पुन्हा सुरू व्हायला सांगितलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, होस्ट काही येईना. तिने बीएमसीतून पडदा उघडला. दोनपैकी एक पॉवर सप्लाय मेला आहे, पुढे जायचं असेल तर एफ-१ दाबा, असं लिहून स्वारी शांत उभी होती! नाशिकच्या त्या कुलूपबंद खोलीत ही कळ कोण दाबणार होतं? हिने डोंबिवलीतून दाबली. पावणेबाराला नऊही यंत्रं उठली. थर्मासमधला चहा आम्ही तिघांनी घरातच संपवला.

दुसऱ्या दिवशी तिने नाशिकच्या माणसाला फोन करून सर्व्हरवर पत्त्याची चिठ्ठी चिकटवायला सांगितली. नुसता पत्ता, पासवर्ड अजिबात नाही, हे दोनदा बजावून. तिकडून विचारणा झाली, "मॅडम, चिठ्ठी पुढून लावू की मागून?"

"दोन्हीकडून लावा," ती म्हणाली.