न पळण्याचे दिवस

साताऱ्याला मी पुष्कळदा गेलो आहे. थोरल्या बहिणीचे घरच तिथे. पण घाट समोर दिसत असताना पाय आवरून बसण्यासाठी गेलो तो यंदाच.

२०१२ सालापासून साताऱ्यात डोंगरावरची अर्धमॅरेथॉन भरते. अंतर एकवीस किलोमीटरांहून थोडे अधिक. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचे आणि पुन्हा घाट उतरून गावात यायचे. गेल्या वर्षी आदल्या सकाळी मी "जरा घाट पाहून येतो" म्हणून निघालो आणि सबंध घाट पळत चढलो. दुसऱ्या दिवशी तोच घाट चढवेना. उतारावर पोटऱ्या अशा धरल्या, की उरलेली वाट लंगडत उरकली. शेवटच्या कमानीपाशी गर्दी पांगली होती. धाकटी तेवढी आईचा हात धरून उभी. "बाबा, तुम्ही शेवटचे का?" या प्रश्नाला मराठीच्या प्राध्यापकाला उत्तर सुचले नाही.

यंदा मात्र जाणत्यांचे ऐकले. शर्यतीआधी साधारण दोन आठवडे पळण्याचे अंतर कमी करीत निम्म्यावर आणायचे. मात्र पळणे अजिबात सोडायचे नाही आणि अधूनमधून थोडा वेळ शर्यतीच्या वेगानेही पळायचे. एवढ्या अवधीत स्नायूंची बारीकसारीक झीज भरून येते आणि त्यांतले साखरेचे कोठार पुन्हा भरते. उलट, शेवटच्या दिवसांत केलेल्या कष्टाचे फळ शर्यतीपर्यंत हाती येत नाही. थकवा तेवढा येतो.

झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकची गोष्ट यासाठीच सांगतात. १९५० साली युरोपीय स्पर्धेच्या तोंडावर अन्नातून विषबाधा होऊन तो इस्पितळात पडला. सक्तीची विश्रांती घडली. आणि मग ब्रुसेल्सला जाऊन पाच हजार व दहा हजार मीटर, दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या!

हे सारे समजते; पायांना समजत नाही. गुरुवारी ताईकडे पोहोचलो. शुक्रवारी पहाटे वीस मिनिटे हलके पळून परतलो, तेव्हा ताई चहा गाळीत होती.

"एवढ्यात आलास? बरं नाही का रे?"

"अगं, असंच करायचं असतं."

"मग रविवारी कसा पळणार?"

हीच शंका माझ्या मनात रात्रभर होती. उगाच गुडघा दुखल्याचा भास होई. दर मार्चमध्ये मुलांना "आदल्या रात्री वाचू नका, झोपा" असे सांगणारा मीच!

शनिवारी मेहुण्यांच्या गाडीतून यवतेश्वराला गेलो. देवदर्शन करून घाटाच्या कठड्याशी बसलो. खाली धुके विरत होते. अजिंक्यतारा हिरवा, ओला, शहराच्या उशाशी पहुडलेला. ज्या वळणांवर मी गेल्या वर्षी फक्त धापा मोजल्या, तिथून एवढे दिसते हे ठाऊकच नव्हते. बाजूने चार तरुण धावत वर गेले. मी उठलोही, मग पुन्हा बसलो. सारी सकाळ तेच खरे अवघड गेले.

रविवारी घाट चढलो, न थांबता. उतारावर पोटऱ्यांची वाट पाहत होतो. त्या काही बोलल्या नाहीत. कमानीपाशी गर्दी चांगली दाट होती. धाकटीने मला शोधायच्या आत मीच तिला हाक मारली.