उष्णतेचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विमानाच्या इंजिनावर लिहावे, हा काहींना 'अव्यापारेषु व्यापार' वाटेल. पण ज्याला जमाखर्च कळतो त्याला उष्णताही थोडीफार कळते, असे माझे नम्र मत आहे. शिवाय मी आदिलाबादचा. आमची शाळा मराठी, बाजार तेलुगू. तेलुगूत उष्णतेला 'वेडी' म्हणतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकला की त्या शब्दाचा मराठी अर्थही पटू लागतो! वसतिगृहातील कन्नड मित्रांनी त्यात 'बिसी'ची भर घातली आहे.

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली ते प्रदर्शनात लोकांनी पाहिले व २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली. ही हकीकत वाचल्यापासून घरी बांधलेल्या विमानांविषयी मिळेल ते मी वाचत गेलो. त्यात समजले की, अमेरिकेतील काही हौशी मंडळी अशा विमानाला माझदा मोटारीचे रोटरी इंजिन बसवतात. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या नावाचे हे इंजिन १९५७ साली प्रथम चालले. त्यात पिस्टन नाही. त्रिकोणी रोटर गरगर फिरतो. इंजिन आटोपशीर आणि थरथर कमी. मग अडते कुठे? उष्णतेपाशी.

पेट्रोल जाळून मिळालेल्या उष्णतेपैकी जेमतेम एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कामी येते. बाकीची धुरावाटे, पाण्यावाटे आणि तेलावाटे बाहेर घालवावी लागते. या इंजिनात ज्वलन नेहमी एकाच बाजूला होते आणि थंड हवा नेहमी दुसऱ्या बाजूने येते. म्हणून एक बाजू कायम तापलेली. रोटर आतून तेलाने थंड होतो. त्यामुळे पाण्याच्या रेडिएटरइतकीच तेलाच्या कूलरची काळजी घ्यावी लागते. इंजिन फार तापले तर अॅल्युमिनियमचे कवच वाकते, रबरी सील जातात आणि पाणी आत शिरते.

माझे मामा आदिलाबाद-निर्मल रस्त्यावर जीप चालवतात. गेल्या मेमध्ये महबूब घाटात रेडिएटरमधून वाफ येऊ लागली. मामांनी जीप सावलीला घेतली, प्रवाशांना उतरवले आणि म्हणाले, "घाई करू नका. तिला निवू द्या." अर्ध्या तासाने आम्ही निघालो. विमानाला ही सोय नाही. चढताना इंजिन पूर्ण जोरात, वेग मात्र कमी, म्हणजे वाराही कमी. आणि थांबायला सावली कुठली? त्यातून आमचा उन्हाळा. पाणी ९५ अंश आणि हवा २० अंश असेल तर फरक ७५ चा. हवा ४५ अंश झाली की फरक ५० वर येतो. तेवढ्याच वाऱ्यात एक तृतीयांश उष्णता कमी बाहेर जाते.

मग तोंड मोठे करावे, असे कोणीही म्हणेल. पण मोठ्या तोंडाने हवेचा अडथळा वाढतो आणि तो साऱ्या प्रवासभर फेडावा लागतो. म्हणून जाणकार तोंड लहान ठेवतात आणि पुढे नळी हळूहळू रुंद करतात. हवा मंदावते, तिचा दाब वाढतो आणि ती रेडिएटरच्या पात्यांतून नीट जाते. कडेच्या फटी बुजवतात, नाहीतर हवा पात्यांना चुकवून पळते. बाहेर पडण्याच्या वाटेवर झडप ठेवतात: चढताना उघडी, सरळ उडताना मिटलेली. एवढे करूनही काटा चढलाच तर वैमानिक नाक थोडे खाली घेतो, वेग वाढवतो, जोर कमी करतो. उंची थोडी उशिरा मिळते, एवढेच.

यंदा दिवाळीत घरी प्रश्न होता: जीपला नवा रेडिएटर घ्यायचा, की पाण्याचे कॅन बरोबर ठेवून आणखी एक उन्हाळा काढायचा? हिशेब मांडायला मला बसवले. पैसे एकाच पेटीतले होते आणि माझ्या सी.ए.च्या शिकवणीची फीही त्यातूनच जायची होती. मी रेडिएटर पहिल्या ओळीत लिहिला. जीपमध्ये मागे शाळेची पोरे बसतात. कॅनच्या भरवशावर त्यांना घाट चढवणे मला पटेना. शिकवणी वर्षभर लांबली. मामा काही बोलले नाहीत. फक्त माझी वही दोनदा वाचली.

उष्णता उधार ठेवत नाही. तिची रक्कम आज वेगातून, उंचीतून किंवा खिशातून चुकती करावी. नाहीतर ती आपल्या सोयीने, आपल्याला न विचारता वसूल करते. हे प्रमेय आमच्या पाठ्यपुस्तकात नाही, पण परीक्षेला येण्याजोगे खास आहे.